शिखरांचा फ्लॉवर, माळव्याची थंडी

देवास जिल्ह्यात नर्मदाकाठी नेमावरचं सिद्धनाथ मंदिर उभं आहे. परमारांच्या काळातलं, भूमिज शैलीचं. मोठ्या शिखराच्या अंगावर छोट्या शिखरांच्या ओळी चढत गेलेल्या. आपलं अंबरनाथचं मंदिरही याच शैलीतलं. रोमानेस्को फ्लॉवरचा पोपटी गड्डा पाहिला की हीच रचना आठवते. फक्त इथे छोट्या शिखरावर आणखी छोटी शिखरं असतात आणि त्यांच्यावरही पुन्हा तीच.

२०२१ साली फ्रान्स्वा पार्सी, ख्रिस्तोफ गोदँ आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये याचा उलगडा मांडला. रोपाचा कोंब फूल व्हायला निघतो, पण जनुकांतल्या बदलामुळे अडतो आणि पुन्हा कोंबच होतो. त्याला फुटणारे कोंबही फुलायला निघतात, तेही अडतात. साध्या फ्लॉवरचंही हेच. रोमानेस्कोत मात्र वाढता कोंब रुंदावत जातो, नवे कोंब अधिकाधिक वेगाने काढतो, म्हणून गोल गाठीऐवजी टोकदार शंकू उठतो. गड्ड्यावरची वेटोळी मोजलीत तर बहुधा एका दिशेने ८ आणि दुसरीकडे १३ भरतील.

धार-देवासच्या परसात हा येईल का? येईल, पण तारखेशी हुज्जत चालत नाही. आपल्याकडच्या फ्लॉवरच्या हळव्या जाती उकाड्यातही गड्डा धरतात. याला थंडी लागते. माळव्यात जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात, मार्चची दुपार ३४ वर जाते. तेव्हा हिशेब उलटा मांडावा. गड्डा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हाती यायला हवा. लागवडीनंतर ८० ते १०० दिवस लागतात, म्हणजे रोपं ऑक्टोबरअखेर जमिनीत आणि बी सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये. उशीर झाला की गड्डा सैल पडतो, त्यातून पानं डोकावतात.

काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून गादीवाफा करून भरपूर शेणखत घालावं. दोन रोपांत ६० सेंटीमीटर अंतर. बोरॉन कमी पडलं तर देठ पोकळ होतो, गड्डा तपकिरी पडतो. कडेला मोहरी पेरली तर पानं खाणाऱ्या अळीचा पतंग बराचसा तिकडे वळतो. पांढऱ्या फ्लॉवरसारखी पानं बांधून गड्डा झाकायचा नाही. इथे हिरवा रंगच हवा आहे.

बी घरी धरण्याच्या फंदात मात्र पडू नये. थंडीतल्या फ्लॉवरचं बी कुलू खोऱ्यात तयार करतात, ते उगीच नाही. शिवाय शेजारी कोबी किंवा नवलकोल फुलला असेल तर संकर ठरलेला. दरवर्षी नवं पाकीट आणावं.