मुलगी माहेरी परतते तेव्हा

रक्तदाब तपासून घेण्यास आलेले वडीलधारे रुग्ण कधी कधी खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात सांगतात, ‘डॉक्टर, मुलगी घटस्फोट घेऊन घरी आली आहे. आमच्यामागे तिचे कसे होणार?’ रक्तदाब का वाढला, हे मग वेगळे विचारावे लागत नाही. अशा आईवडिलांना मी गोळ्यांबरोबर एक चित्रपट सुचवतो: महेश भट यांचा १९८२ सालचा ‘अर्थ’.

आपल्यापैकी अनेकांनी तो तरुणपणी पाहिला असेल. शबाना आझमी यांनी साकारलेली पूजा अनाथ म्हणून वाढलेली; हक्काचे घर हे तिचे स्वप्न. पती इंदर मात्र कविता या अभिनेत्रीत (स्मिता पाटील) गुंततो आणि घटस्फोटाची वेळ येते. पूजा महिला वसतिगृहात राहू लागते, काम शोधते.

जगजीत सिंह यांच्या गझला सर्वांच्या स्मरणात आहेत. आता पुन्हा पाहाल तेव्हा शेवट नीट पाहा. कवितेने नाते तोडल्यावर इंदर परत येतो. पूजा विचारते, ‘मी अशी वागून परतले असते, तर तू मला स्वीकारले असतेस?’ तो नाही म्हणतो, आणि ती वळून निघते. अडचणीत साथ देणारा राज लग्नाविषयी विचारतो. त्यालाही ती नकार देते. पतीच्या खुनामुळे तुरुंगात गेलेल्या मोलकरणीच्या मुलीला मात्र ती आपली मानून वाढवते.

आपण घरी आलेल्या मुलीपुढे बहुधा हेच दोन दरवाजे उघडतो: तडजोड किंवा दुसरे स्थळ. तिच्या इच्छेने यांपैकी काहीही योग्य ठरू शकेल. पण मोडलेला संसार हाही एक शोक आहे. त्यात झोप उडते, भूक मंदावते, छाती धडधडते. या काळात घाईचा निर्णय लादू नये.

हे मी चुकीतून शिकलो. निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या एका तरुणीला मी पुनर्विवाहाचा उपदेश केला. ती शांतपणे म्हणाली, ‘डॉक्टर, मी झोपेसाठी आले होते.’

म्हणून आधी साधी पथ्ये पाळावीत. तिला घरात स्वतःचा कोपरा व कपाट द्यावे. जेवण एकत्र करावे. ताटावर मात्र चौकशी नको. नोकरी वा शिक्षणाला पाठबळ द्यावे; बँकेचे खाते तिच्या स्वतःच्या नावे असावे. नातेवाइकांना काय सांगायचे, हे तिलाच ठरवू द्यावे. सासरी मारहाण होत असेल, तर ‘नांदायला जा’ हा शब्दही काढू नये.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर तिला एकटे न सोडता त्याच दिवशी उपचार मिळवावेत.

आणि आपण? चिंतेच्या भरात आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका. तिला आज सर्वाधिक गरज आहे ती धडधाकट आईवडिलांची. ‘पुढे काय?’ हा प्रश्न तिला स्वतःला पडू द्या. तोवर दार उघडे ठेवा, इतकेच.