तार दिसणार नाही, हे धरूनच उडायचं

23 जून 1993 रोजी इंग्लंडमधल्या कंब्रिया परगण्यात, केंडलजवळ, एक जेट रेंजर हेलिकॉप्टर पाइपलाइनची पाहणी करत होतं. त्याच उंचीवर रॉयल एअर फोर्सचं टोर्नाडो लढाऊ विमान सरावाला आलं आणि दोघांची टक्कर झाली. टोर्नाडो सुखरूप उतरलं. हेलिकॉप्टरमधले दोघेही गेले. ब्रिटनमध्ये लढाऊ विमानांना 250 फुटांपर्यंत खाली उडायची मुभा असते. ताशी 800 किलोमीटर वेगाने येणारं विमान दहा सेकंदांत दोन किलोमीटर कापतं. वैमानिक कितीही डोळ्यांत तेल घालून बसला तरी एवढ्या वेळात तो काय करणार? या अपघातानंतर पाहणीच्या उड्डाणांची वर्दी हवाई दलाला आगाऊ देण्याची पद्धत बसली.

वीजवाहिन्यांच्या पाहणीत तर जे पाहायचं तेच जिवावर उठणारं. टॉवरवर दोन्हीकडच्या तारा जोडणाऱ्या जंपरचा सांधा तापलाय का, इन्सुलेटरची चकती तडकलीय का, हे टिपायला जवळ जावं लागतं, तेही संथपणे. पुरेशी उंची असेल तर इंजिन बंद पडल्यावरही खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि हेलिकॉप्टर उतरवता येतं. उंचीही कमी आणि वेगही कमी, मग ती संधीच नाही. दोन इंजिनांचा आग्रह त्यासाठीच.

टॉवरच्या टोकावरून जाणारी अर्थ वायर विजेच्या तारांहून बारीक असते. मागे डोंगर असला की ती दिसतच नाही. म्हणून मुरलेले वैमानिक तार शोधत बसत नाहीत. ते टॉवर हेरतात आणि लाइन ओलांडायची ती टॉवरच्या डोक्यावरूनच. पाहणीची लाइन तरी ठाऊक असते. तिला आडवी जाणारी दुसरी लाइन घात करते. तार कापणारी पाती हेलिकॉप्टरच्या छतावर आणि पोटाखाली बसवतात खरी, पण तार समोरून आणि पुरेशा वेगात आदळली तरच ती नीट चालतात. संथ पाहणीत त्यांच्यावर विसंबणं धोक्याचं.

आपल्याकडे वीजवाहिन्या चालवणाऱ्या पॉवरग्रिड कंपनीने हेलिकॉप्टरने पाहणी केली आहे आणि आता ड्रोनही आले आहेत. ड्रोन पडला तर यंत्र जातं, माणूस नाही. जिथे ड्रोनने भागतं तिथे माणूस पाठवूच नये. हेलिकॉप्टर लागलंच तर वैमानिकाने फक्त उडवावं, लाइन दुसऱ्याने पाहावी आणि आडव्या तारांचा ताजा नकाशा हाती असल्याशिवाय उड्डाण होऊ नये. या अटी निविदेतच हव्यात. त्यांत सूट मागणाऱ्याला कंत्राट देऊ नये.