डीपीच्या जागी डीआय

संपादकांनी मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला पाठवलं ते ट्रकांसाठी. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज इथल्या कारखान्यापर्यंत येतं, त्या वाहतुकीवर लिहायचं होतं. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना आणि वर्धा नदी ओलांडून वणीकडे जाणारा रस्ता, एवढ्या मुलखात ट्रक मोजायला दोन दिवस पुरले असते. पण पहिल्याच दुपारी एका गल्लीत लोखंडी पाइपांची तिपाई दिसली. तिला चेन कुप्पी बांधलेली आणि कुप्पीला एक इंजिन अधांतरी लटकलेलं. बाजूला विटांवर चढवलेली जुनी महिंद्रा पिकअप, बॉनेट काढलेली. मी तिथेच थांबलो आणि ट्रकांचा लेख मागे पडला.

गाडी पुतण्याची, हात काकांचे. काका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आता निवृत्त आहेत. पुतण्या वणी आणि चंद्रपूरच्या बाजारातून भाजीपाला आणतो, मधल्या दिवसांत सिमेंटच्या गोण्या वाहतो. पन्नास किलोची एक गोणी. वीस चढल्या की टन भरतो आणि चढावर गाडी पहिल्या गियरवर येते. "ओढतच नाही," पुतण्या म्हणाला. त्यासाठीच हा खटाटोप: डीपी काढून डीआय.

ही दोन नावं विदर्भातल्या कुठल्याही गॅरेजात ऐकू येतात. डीपी म्हणजे डिझेल प्यूजो. महिंद्राच्या गाड्यांत एकेकाळी प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचं डिझेल इंजिन बसत असे, इगतपुरीच्या कारखान्यात बनलेलं. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणून ४.९०. पिस्टनचा प्रवास ८३ मिलिमीटरचा, एकूण आकारमान २११२ सीसी. डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि मग ज्वाळा सिलिंडरमध्ये येते. त्यामुळे आवाज कमी, पण बरीचशी उष्णता त्या कप्प्याच्या भिंतीच खातात आणि सकाळी हीटर लाल होईपर्यंत वाट पाहावी लागते.

डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. त्याचं मूळ शेतात आहे. २५२३ सीसी, व्यास ८८.९ आणि प्रवास १०१.६ मिलिमीटर. इंचांत मांडलं की बरोबर साडेतीन आणि चार. हीच मापं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाची, आणि त्या कंपनीशी महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टरसाठी भागीदारी केली होती. इथे डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात फवारलं जातं. दोघांचा व्यास जवळजवळ सारखा असला, तरी डीआयचा पिस्टन प्रत्येक खेपेला सुमारे साडेअठरा मिलिमीटर जास्त चालतो. कमी फेऱ्यांवर जोर मिळतो तो या लांब पावलामुळे. नांगराला जे हवं, तेच सिमेंटच्या गोण्यांनाही हवं.

इंजिन नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आलं होतं. गाडीत चढवण्याआधी काकांनी ते टायरवर ठेवून चालवून पाहिलं होतं: शेजारी डिझेलचा डबा, नळीतली हवा काढलेली, बॅटरी ट्रॅक्टरवरून उसनी. सुरुवातीला पांढरा धूर आला, गरम झाल्यावर थांबला. निळा आला असता तर ऑइल जळतंय असं समजून त्यांनी ते परत पाठवलं असतं.

मला वाटलं, अर्धं काम झालं. काकांनी मान हलवली. "इंजिन तं कोणीबी बसवते जी. गियरबॉक्सनं त्याले घेतलं पाहिजे."

पुढचे दोन दिवस मी फक्त हेच पाहिलं. इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचं एक बिडाचं घर असतं, बेल हाउसिंग. इंजिन बदललं की ते बदलतं. गियरबॉक्समधून निघणाऱ्या क्लच शाफ्टचं टोक क्रँकच्या शेवटच्या एका छोट्या बुशमध्ये टेकतं. क्रँकचा मध्य आणि बेल हाउसिंगच्या भोकाचा मध्य एका रेषेत नसेल, तर तो शाफ्ट प्रत्येक फेरीला किंचित वाकतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या, म्हणजे तीन हजार वेळा. आधी बुश खलास होतो, मग क्लच प्लेट मध्यावर तडकते, मग चालत्या गाडीत गियर निसटतो. आणि दोष गियरबॉक्सवर जातो.

काकांनी फ्लायव्हीलवर चुंबकाच्या बैठकीचा डायल लावला, त्याची सुई भोकाच्या आतल्या कडेला टेकवली आणि क्रँक हाताने सावकाश फिरवायला लागले. पुतण्या चारही बाजूंचं माप खडूने टपावर लिहीत होता. पहिल्या फेरीत फरक चौदा थाऊ आला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. काकांना पाचच्या आत हवा होता. त्यांनी सगळं उतरवलं. जोडाच्या तोंडावर जुन्या रंगाचा थर होता आणि एका कोपऱ्यात घाव बसून कड वर आली होती. थर खरवडला, कानस आडवी धरून कड उतरवली, पुन्हा बांधलं. नऊ. पुन्हा उतरवलं. या वेळी जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिनाच काढल्या, बोल्ट हलके आवळले आणि लाकडी हातोड्याने एकेक ठोका देत सुई पाहू लागले. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा सुई चारवर होती. पूर्ण आवळल्यावरही चारवरच राहिली. मग त्याच जागी नवी भोकं, ती नेमक्या मापाची करायला रीमर, त्यात नव्या पिना.

हे सगळं पत्र्याच्या सावलीत चाललं होतं, कोळशाची काळी आणि सिमेंटची करडी धूळ उडत असताना. दर मापाआधी काका सुईचं टोक धोतराच्या जुन्या फडक्याने पुसायचे. मोठमोठ्या कारखान्यांमध्ये फिरलो आहे. इतकी निष्ठा मी फार कमी वेळा पाहिली.

तिसऱ्या दिवशी अडचणींनी एकेक करत डोकं वर काढलं. डीपी साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास पळतो, डीआयची मजल बत्तीसशेची. मागच्या चाकांना फिरवणारे क्राउन-पिनिअन गियर तेच ठेवले तर चौथ्या गियरमधला सर्वात जास्त वेग जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. ते बदलले तर चढावरचा फायदा थोडा गमवावा लागतो. डीआय जास्त थरथरतो, म्हणून इंजिन ज्यांवर बसतं ते फाउंडेशनचे रबर नवे घ्यावे लागणार आणि चासीवरचे ब्रॅकेट पुन्हा वेल्ड करावे लागणार. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा कधीकधी ४७ अंशांच्या पुढे जातो. जुना रेडिएटर तिथे टिकणार नाही. आणि जोर वाढला की माणूस पंचवीस गोण्या भरतो, पण चारही चाकांना ब्रेक तेच जुने ड्रमचे. काकांना खरी काळजी याची होती. "चढवते ते सगळेच पाहते. उतारावर कोण थांबवते?"

शेवटची अडचण कागदाची, आणि तिथे रीमर चालत नाही. गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी असली की दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे हा नंबर दरवर्षी कोणीतरी वाचणारच. अपघात झाला आणि बदल कळवलेला नसला तर विम्याचाही भरवसा नाही.

त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवून परवानगी मागणं वेगळं. डीपीच्या जागी डीआय हा प्रकारच दुसरा. पुतण्या परिवहन कार्यालयात चौकशीला गेला तो बेल हाउसिंग बसल्यानंतर. आधी जायला हवं होतं, हे त्याने स्वतःच सांगितलं.

कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. वीस गोण्यांच्या ब्रेकवर पंचवीस गोण्या उतारावरून आल्या तर मरतो तो रस्त्यावरचा माणूस. पण चार थाऊपर्यंत सुई आणणाऱ्या हातांसाठी परीक्षेची एखादी वाट असायला हवी: गाडी न्या, ब्रेक तपासा, वजन ठरवा, पास किंवा नापास सांगा. आज लोक एकतर लपवून बदल करतात, नाहीतर गाडी भंगारात घालतात.

काका-पुतण्यांनी शेवटी मधला मार्ग धरला. जुनं डीपी उघडलं. नवे लायनर, पिस्टन आणि रिंगा, नोजल आणि पंप तपासायला चंद्रपूरला. काकांच्या मते गाडी ओढत नव्हती ती निम्मी त्या झिजलेल्या पंपामुळेच. डीआय एका टायरवर ताडपत्रीखाली आहे, चार थाऊवर बसवलेल्या बेल हाउसिंगसकट, आणि घुग्घुसमध्ये त्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधणं सुरू आहे.

तुमच्या अंगणात अशी जुनी पिकअप असेल आणि मनात हेच असेल, तर इंजिनाचा सौदा करण्याआधी आरसी घेऊन परिवहन कार्यालयात जा, आणि त्याहीआधी जुन्या इंजिनाचा पंप तपासून घ्या.