या तेजोमेघातला मेलेला तारा कोणता? वेबच्या चित्रांचं वाचन

१२ जुलै २०२२ ला जेम्स वेब दुर्बिणीची पहिली रंगीत चित्रं प्रसिद्ध झाली. त्यात एनजीसी ३१३२, म्हणजेच ‘सदर्न रिंग’ हा ग्रहीय तेजोमेघ होता. नावात ग्रह असला तरी ग्रहांशी याचा संबंध नाही. सूर्यासारखा तारा आयुष्याच्या शेवटी बाहेरचे थर फेकून देतो आणि उरलेला तप्त गाभा त्या वायूला उजळवतो. बस्स, एवढंच.

आता निअरकॅम या निकट-अवरक्त कॅमेऱ्याचं चित्र बघा. मधोमध एक ठळक तारा आहे. हाच मेलेला तारा असं वाटतं ना? पण तो नव्हेच. गाभा म्हणजे त्याच्या शेजारचा मिणमिणता श्वेत बटू. हे वेबच्या आधीच माहीत होतं. वेबने त्यात काय भर घातली, ते समजायला फिल्टर समजून घ्यावे लागतात.

चित्रातले रंग कॅमेऱ्याने ‘पाहिलेले’ नाहीत. प्रत्येक फिल्टरचं चित्र कृष्णधवलच असतं, रंग नंतर दिले जातात. १.८७ मायक्रॉनचा अरुंद फिल्टर आयनीभूत हायड्रोजन दाखवतो, २.१२ मायक्रॉनचा रेणुरूप हायड्रोजन. थोडक्यात, पहिला विचारतो, ‘अणू कुठे फुटलेत?’ आणि दुसरा विचारतो, ‘रेणू अजून कुठे टिकलेत?’ म्हणून आत तप्त वायूचा बुडबुडा आणि बाहेर रेणूंचं प्रभामंडळ वेगवेगळं ओळखता येतं. या प्रभामंडळात सर्पिल कमानी दिसल्या. एकटा तारा वायू सोडत असता तर अशी नक्षी उमटणं अवघड होतं. ४० ते ६० खगोलीय एककांवरून फिरणाऱ्या एका लहान जोडीदाराने ती उमटवली असावी, असा निष्कर्ष निघाला.

दुसरा धागा मध्य-अवरक्तातला. श्वेत बटूचं तापमान सुमारे एक लाख केल्व्हिन, म्हणजे त्याचा बहुतेक प्रकाश अतिनील. १८ मायक्रॉनला तो मंदच दिसायला हवा. पण मिरी या उपकरणात तो चांगलाच तेजस्वी दिसतो! याचं स्पष्टीकरण म्हणजे त्याच्याभोवती थंड धुळीची तबकडी असावी, आणि ती आणखी जवळच्या जोडीदाराकडे बोट दाखवते. ठळक तारा धरला तर ही किमान चौघांची चौकडी झाली.

मग तो ठळक तारा निरुपयोगी का? उलट, तोच घड्याळ आहे. दोघे एकत्रच जन्मले असं धरलं, तर गाया उपग्रहाने मोजलेलं अंतर आणि ठळक ताऱ्याची तेजस्विता यांवरून त्याचं वय काढता येतं. त्या वयाला नुकताच मेलेला तारा जन्मतः किती वस्तुमानाचा असेल? उत्तर : २.८६ ± ०.०६ सौर वस्तुमान. ओर्सोला डी मार्को आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध डिसेंबर २०२२ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त आला.

संशोधनाची तयारी करताना एक सवय लावून घ्या : चित्राआधी फिल्टरांची यादी वाचा, आणि प्रत्येक निष्कर्षापुढे ‘हे मोजलं, की गृहीत धरलं?’ असं लिहा. इथे वेबने धुळीचं तेज मोजलंय. तबकडी हा अर्थ आहे. एकत्र जन्म हे गृहीतक आहे; वस्तुमानाचा तो नेमका आकडा त्याच्यावरच उभा आहे. मूळ निरीक्षणं ‘मास्ट’ या संग्रहात सगळ्यांसाठी खुली आहेत. १.८७ आणि २.१२ मायक्रॉनची चित्रं शेजारी ठेवून बघाच.