‘फिलिओक्वे’ : एका लॅटिन पदाचा वाद

ख्रिस्ती धर्माच्या पौरस्त्य ऑर्थोडॉक्स व रोमन कॅथलिक या शाखांच्या फुटीचे वर्ष म्हणून १०५४ हे साल सांगितले जाते. त्या वर्षी रोमचे प्रतिनिधी आणि कॉन्स्टँटिनोपलचे प्रधान धर्मगुरू यांनी परस्परांना बहिष्कृत केले. तथापि वादाचे एक कारण पुष्कळ जुने असून ते ‘फिलिओक्वे’ या एका लॅटिन पदात सापडते. ‘फिलिओ’ म्हणजे ‘पुत्रापासून’, आणि ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’. हा ‘क्वे’ संस्कृत ‘च’चा सगोत्र होय, तोही ‘च’प्रमाणेच पदाच्या मागून येतो. संस्कृतात ‘पुत्राच्च’ म्हणावे, तसे हे पद आहे.

ईश्वर एकच, परंतु पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा त्रैक्याने युक्त, हा सिद्धान्त दोन्ही शाखांना मान्य आहे. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी निगडित असलेल्या ग्रीक मतांगीकारात, योहानाच्या शुभवर्तमानाला अनुसरून, पवित्र आत्मा पित्यापासून निघतो एवढेच म्हटले आहे. पुढे स्पेनमध्ये, पुत्राला पित्याहून कनिष्ठ लेखणाऱ्या एरियसपंथीयांना उत्तर म्हणून, ‘आणि पुत्रापासून’ ही भर रूढ झाली. पोप तिसरा लिओ याला त्यातील मत मान्य होते, पण मूळ पाठात बदल मान्य नव्हता. त्याने जुना पाठ ग्रीक व लॅटिन भाषांत चांदीच्या पत्र्यांवर कोरविला. ही सावधगिरी टिकली नाही. १०१४ मध्ये रोममध्येही नवा पाठ गाइला गेला.

येथे क्रियापदांकडे पाहणे अगत्याचे आहे. ग्रीक ‘एकपोरेवेस्थाइ’ आदिकारणापासून निघणे सुचविते. लॅटिन ‘प्रोसेदेरे’ला कोणतेही पुढे येणे चालते. काशीस गंगा प्रयागाकडून येते असे म्हणता येईल, प्रयागास उगम पावते असे म्हणता येणार नाही. म्हणून ग्रीकांना त्या भरीत दोन आदिकारणे ऐकू आली. लॅटिन भाषकांना तसे काही अभिप्रेत नव्हते.

मात्र वाद निव्वळ शाब्दिक होता असे मानणे चूक ठरेल. सर्व चर्चच्या परिषदेने स्वीकारलेला पाठ एका पक्षाने बदलावा काय, हा अधिकाराचा प्रश्न कोणत्याही कोशाने सुटणारा नव्हता. १४३९ चा फ्लॉरेन्सचा समेट टिकला नाही. सोळाव्या शतकात रोमपासून फुटलेल्या प्रॉटेस्टंटांनीही हे पद बहुतांशी कायम ठेवले. १९६५ मध्ये परस्परांवरील बहिष्कार मागे घेतले गेले. १९९५ मध्ये व्हॅटिकनने क्रियापदांमधील हा भेद स्पष्टपणे मान्य केला. ग्रीक पाठात मात्र रोमनेही ही भर घातलेली नाही.