दिवाणखान्यातील अरण्याचा ओढा

पावसाळा सरल्यावर बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना वाटेवरच्या एखाद्या ओढ्यापाशी आपण केव्हातरी थांबला असाल. वर झाडांचे छत इतके दाट की, भर दुपारीही खाली संधिप्रकाशच असावा. पाणी नितळ खरे, पण त्याला कोऱ्या चहाची पुसट झाक. तळाशी कुजलेल्या पानांचा थर, काठच्या झाडांची मुळे थेट पाण्यात उतरलेली, दगडांवर शेवाळ आणि नेचे, आणि मुळांच्या जाळीतून क्षणात चमकून नाहीसे होणारे बोटाएवढे मासे. असा ओढा आपल्या घरी काचेच्या पेटीत असावा, ही इच्छा मनात येणे स्वाभाविक आहे. ती पुरीही करता येते. मात्र त्यासाठी ओढ्यातील वस्तू आणावयाच्या नसतात. ओढ्याची रीत आणावयाची असते.

हा भेद मला फार उशिरा कळला. तरुणपणी मी एका ओढ्यातून डबाभर मासे, मुळासकट उपटलेली झुडपे आणि पिशवीभर गोटे घेऊन आलो. संध्याकाळी पेटी भरली, दिवा लावला, घरच्या मंडळींनी कौतुक केले. चौथ्या दिवशी सकाळी एकही मासा जिवंत नव्हता. आश्चर्य असे की, पाणी आरशासारखे स्वच्छ होते.

ते मासे कशाने मेले, हे समजून घेतले म्हणजे अर्धे शास्त्र हाती आले असे समजावे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक ठरतो, आणि पाणी जितके अल्कधर्मी तितका त्याचा विषारीपणा अधिक. वाहत्या ओढ्यात तो वाहून जातो. पेटीत त्याची विल्हेवाट सूक्ष्म जिवाणू लावतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते, आणि हे शेवटचे द्रव्य बरेचसे निरुपद्रवी असून वनस्पतींना खत म्हणून चालते. पण या जिवाणूंची वस्ती वाळूच्या कणांवर आणि लाकडावर वसावयास चार ते सहा आठवडे लागतात. मी त्यांना एक रात्रही दिली नव्हती.

या हिशेबाची गोष्ट जुनी आहे. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास एका पात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवून पाहिली. मासा वनस्पतीला अन्न देईल, वनस्पती माशाला प्राणवायू देईल, असा त्यांचा कयास होता. परंतु वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी त्यात काही गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि गाडे सुरळीत चालू लागले. देणारा आणि घेणारा एवढ्यावर भागत नाही. मागे उरलेले आवरणारा तिसराही लागतो.

अरण्यातल्या ओढ्यात हा तिसरा गडीच प्रमुख असतो. दाट सदाहरित अरण्यात जमिनीपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश शेकडा एकदोन भागांहून क्वचितच अधिक असतो. एवढ्या सावलीत पाण्याखाली वनस्पती फोफावणार कशा? म्हणून तेथील जीवसृष्टीचे बरेचसे अन्न वरून पडते, ते म्हणजे पाने, फुले, फळे आणि किडे. पानांवर बुरशी आणि जिवाणू चढतात, त्यांवर कीटकांच्या अळ्या जगतात, अळ्यांवर मासे. हिरवाई दिसते ती मुख्यतः काठाशी आणि छताला जेथे खिंडार पडले असेल तेथे. यास्तव आपल्या पेटीत आपण रचावयाचा तो ओढ्याचा काठ होय, भर प्रवाह नव्हे.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच अशी पेटी प्रारंभास योग्य. तिच्यात सुमारे ६५ लिटर पाणी मावते. म्हणजे काच, माती, दगड धरून वजन शंभर किलोच्या घरात जाते. लेचीपेची तिवई चालणार नाही.

तळाच्या मातीच्या बाबतीत कोकण, गोवा आणि बेळगावकडील मंडळी भाग्यवान आहेत. शतकानुशतकांच्या पावसाने सह्याद्रीच्या मातीतील विद्राव्य क्षार धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. तोच आपला तांबडा जांभा. (याला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातील जांभा पाहून दिले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट, आणि वीट करावी असाच तो दगड!) पाणवनस्पतींना मुळांपाशी लोह हवे असते, ते या मातीत भरपूर मिळते. आपल्याच परसातील, खत किंवा कीटकनाशक न घातलेली जुनी माती तीन भाग आणि जांभ्याची चाळलेली माती एक भाग, असा दोन सेंटिमीटरांचा थर द्यावा. त्यावर स्वच्छ धुतलेली जाडसर वाळू चार सेंटिमीटर. मातीचा थर याहून जाड केल्यास आत प्राणवायू पोहोचत नाही, ती काळी पडते आणि सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो.

दगड काळे कातळाचे घ्यावेत. दगडावर लिंबू पिळून पाहावे; फेस आला तर त्यात चुना आहे, आणि तो पाणी जड करील. लाकूड म्हणजे पूर्ण वाळलेले, रस उरलेला नाही असे कठीण झाडाचे मूळ. ते उकळून, मग बुडेपर्यंत भिजत ठेवावे. कधी दोन आठवडेही लागतात. मूळ वरून खाली उतरते आहे अशा बेताने ते कोपऱ्यात टेकवावे. पेटीचे मध्यभाग भरून टाकण्याचा मोह मात्र आवरावा, कारण अरण्याचा भास रिकाम्या, काळोख्या जागेनेच होतो.

वनस्पतींत माझी पहिली पसंती क्रिप्टोकोरायनीला. हिच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्याच आहेत, आणि रोपवाटिकांत वाढविलेली रोपे दुकानांत मिळतात. लावल्यावर आठदहा दिवसांत हिची पाने विरघळू लागतात. पुष्कळजण घाबरून ती उपटून टाकतात. तसे करू नये. मूळ जिवंत असते आणि महिन्याभरात नवी पाने येतात. जावा नेचा आणि आफ्रिकेतील अनुबियास ही सावलीत तगणारी झाडे लाकडाला दोऱ्याने बांधावीत. त्यांचा आडवा खोडकंद वाळूत पुरला तर कुजतो. पेटीच्या मागच्या कडेला मनीप्लांटच्या दोन फांद्या अशा अडकवाव्यात की, मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील. गरीब बिचारी वेल, पण पाण्यातील नायट्रेट ती हावरेपणाने शोषून घेते, आणि तिची लोंबती मुळे हुबेहूब ओढ्याकाठच्या मुळांसारखी दिसतात.

जपानचे ताकाशी अमानो यांची १९९२ पासून प्रसिद्ध झालेली चित्रमय पुस्तके पाहिलेले वाचक विचारतील की, कर्बवायूची टाकी कोठे ठेवावयाची? अमानोंनी या कलेला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली यात शंका नाही. परंतु त्यांच्या रचनांना प्रखर दिवे, वायूचा पुरवठा आणि वारंवार छाटणी लागते. सावलीतल्या अरण्याला यांतले काही लागत नाही. मध्यम उजेडाचा दिवा दिवसाकाठी सहासात तास पुरे. थेट ऊन मात्र टाळावे.

पाणी नळाचे असेल तर त्यातील क्लोरीन दुकानात मिळणाऱ्या औषधाने घालवावे. विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असते; त्यात स्वच्छ पत्र्यावरून किंवा गच्चीवरून, पहिल्या दोनचार सरी सोडून धरलेले पावसाचे पाणी मिसळल्यास उत्तम. देशी बदामाची आपोआप गळलेली, पुरी वाळलेली तीनचार पाने तळाशी टाकावीत. त्यांतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे पाण्याला तो चहासारखा रंग येतो आणि ते किंचित आम्लधर्मी होते.

आमच्या इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडील मंडळींची अडचण निराळी. घाटातल्या सावलीचा ओढा उन्हाळ्यातही थंड राहतो, आणि इकडे मे महिन्यात पेटीतले पाणी ३२ अंशांच्या वर जाते. २५ अंशांवर एका लिटर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांवर ७.५. प्राणवायू कमी आणि उष्म्याने माशांची गरज जास्त, अशी दुहेरी कोंडी होते. पाण्याच्या पृष्ठभागावर लहानसा पंखा सोडल्यास दोनतीन अंश उतरतात. बाष्प होऊन गेलेल्या पाण्याची भर मृदू पाण्यानेच करावी, कारण क्षार उडून जात नाहीत, मागे साचत राहतात.

हे सर्व झाल्यावर पाच ते सहा आठवडे माशांवाचूनची पेटी पाहत बसावयाचे. घरची मुले कंटाळतील. या काळात काचेवर तपकिरी थर धरतो. तो पुसावा, काळजी करू नये. गोगलगायी मात्र याच सुमारास सोडाव्यात. मग आठ चेरी बार्ब सोडावेत. दोन इंचांचा हा तांबूस मासा मूळचा श्रीलंकेच्या नैर्ऋत्येकडील अरण्यातल्या ओढ्यांचा, आणि ते बेट व आपला पश्चिम घाट यांची गणना जीवशास्त्रज्ञ एकाच जैवसंपन्न प्रदेशात करतात. बाजारात मिळतो तो बहुधा पाळीव पैदाशीचा. ६५ लिटरांत एवढेच पुरेत.

दुकानदार कदाचित लाल पट्ट्याचा ‘मिस केरला’ दाखवील. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली या माशाचे प्रथम वर्णन केले. तो पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील मोजक्या नद्यांतच आढळतो. १९९० नंतरच्या दशकांत परदेशी शौकिनांकडून मागणी वाढली, नद्यांतून तो बेसुमार पकडला गेला आणि आज त्याची नोंद संकटग्रस्त जातींत आहे. तो सहा इंच वाढतो आणि कळपाने राहतो. आपल्या पेटीत तो मावणारही नाही. आणि ओढ्यावर डबा घेऊन जाण्याचा जो अपराध मी केला, तो आता कायद्यानेही अपराध ठरू शकतो. गोव्याकडील म्हादईचे रान १९९९ पासून आणि खानापूरकडील भीमगडचे २०११ पासून अभयारण्य आहे. तेथून झाड, मासा काहीच उचलता येत नाही.

उलट दिशेनेही तेवढेच जपावे लागते. कंटाळा आला म्हणून पेटीतले मासे नदीत सोडणे हे दयेचे कृत्य वाटते, पण काच चाटणारा सकरमासा हा परदेशी पाहुणा आपल्या जलाशयांत अशाच मार्गाने शिरून बसला आहे. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या शौकिनाला. दर आठवड्यास पेटीतले पाचवा हिस्सा पाणी काढून ताजे घालावे. काढलेले पाणी कुंड्यांना घातल्यास गुलाब खूश होतात. छाटलेल्या वनस्पती मात्र गटारात टाकू नयेत. त्या गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवाव्यात आणि मगच केराच्या डब्यात जाऊ द्याव्यात.