गोमंतकाची उभारी

चिमुकल्या गोमंतकावर दोन वर्षांत दोन आघात झाले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी बंद पडल्या. मार्च २०२० मध्ये करोनाच्या महासाथीने पर्यटनही थांबविले. आता तेथील किनारे पुन्हा गजबजले आहेत. २०१९ साली सुमारे ८० लाख पर्यटक आले होते. २०२४ साली ही संख्या एक कोटीवर गेली. परंतु त्यांतील परदेशी पाहुणे नऊ लाखांवरून पाच लाखांच्याही खाली घसरले. ती उणीव देशी प्रवाशांनी भरून काढली, हे खरे. तथापि डोकी मोजणे म्हणजे उभारी मोजणे नव्हे. एकाच व्यवसायाच्या आधारावर उभा असलेला प्रदेश पुढील संकटात पुन्हा कोलमडेल. कापसावर विसंबण्याचे फळ भोगलेल्या विदर्भाला हे निराळे सांगावयास नको.